भगवा विटकरी होऊ नये म्हणून

फ्लेक्स छापणाऱ्या यंत्राला चित्र समजत नाही. त्याला फक्त थेंब समजतात: सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शायांचे. प्रत्येक जागी थेंब टाकायचा की नाही, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. दहा बाय आठच्या फलकावर वर दोन नेते, मध्ये वाढदिवस असलेले भाऊ आणि खालच्या पट्टीत तीस शुभेच्छुक असले, तरी यंत्राच्या लेखी तो हो-नाहीचा एक अवाढव्य ढीग असतो. चित्राचा हा ढीग करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला धंद्यात 'रिप' म्हणतात. पूर्ण नाव रास्टर इमेज प्रोसेसर. ते दुकानाच्या मालकालाही सहसा माहीत नसते आणि त्यावाचून त्याचे काही अडलेले नाही. डिझायनर हा आचारी, यंत्र ही पंगत आणि रिप हा मधला वाढपी. आचाऱ्याची चर्चा गावभर होते. कोणाच्या पानात किती पडले, हे मात्र वाढप्याच्या हातावर असते.

पन्हाळा हे कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर, गडावर वसलेले तालुक्याचे गाव. नगरपरिषद आहे, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतीन हजारांच्याही आत होती. एवढ्या वस्तीच्या परिसरात दहा फुटी छपाईयंत्राला काम काय, असे अर्थशास्त्र विचारील. अर्थशास्त्राला फ्लेक्स कळलेला नाही. फ्लेक्सची मागणी लोकसंख्येवर ठरत नाही, पदांवर ठरते. ग्रामपंचायत, दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, साखर कारखाना आणि तरुण मंडळ अशी पदे एकाच माणसाकडे जमली, की निवडी तितक्या, सत्कार तितके; वाढदिवस निसर्गतः एकच, पण तो प्रत्येक संस्थेतर्फे वेगळा. वारणानगर, कोडोली, कळे आणि बाजारभोगाव ही गावे याच तालुक्यात आहेत. वाडी रत्नागिरीचा जोतिबाही याच तालुक्यात, आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांचे स्वागत केले नाही असा इच्छुक उमेदवार सापडणे कठीण. शिवजयंती या भागात १९ फेब्रुवारीला होते, फाल्गुन वद्य तृतीयेला होते आणि कोल्हापुरात वैशाखातही होते. तारीख की तिथी या वादात छपाईवाल्याइतका समन्वयवादी माणूस महाराष्ट्रात दुसरा नसेल. इथे फ्लेक्सला सरळ 'डिजिटल' म्हणतात. 'चौकात भाऊंचा डिजिटल लावलाय' या वाक्यात कोणालाही काही खटकत नाही.

आता रिपच्या पोटात काय चालते ते पाहू. दहा बाय आठचा फलक इंचाला ७२ पिक्सेल धरून बनवला, तर आडवे ८,६४० आणि उभे ६,९१२, म्हणजे जवळजवळ सहा कोटी पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला चारही शायांचे शून्य ते शंभर टक्के असे प्रमाण असते. अडचण अशी की नोझलला ३७ टक्के थेंब टाकता येत नाही. काही हेड थेंब लहान-मोठे करतात, पण मूळ अडचण सुटत नाही. ३७ टक्के रंग दाखवायचा तर शंभरपैकी ३७ जागी थेंब टाकायचा आणि बाकीच्या कोऱ्या सोडायच्या, त्याही अशा विखरून की खालून जाणाऱ्याला ठिपके दिसू नयेत. एका जागी ३७ ऐवजी पूर्ण थेंब पडला, तर तिथे ६३ ची चूक झाली. या चुकीचे करायचे काय, याची रीत रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. चुकीचे सोळा हिस्से करायचे. सात उजवीकडच्या शेजाऱ्याला द्यायचे; खालच्या ओळीतल्या तिघांना डावीकडून अनुक्रमे तीन, पाच आणि एक. सोळा आणे पूर्ण. ज्याने चूक केली त्याच्याकडे छदाम राहत नाही. हा शोध लावायला अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लागले, याचे नवल वाटते. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत तोट्याची वाटणी पूर्वापार अशीच होत आली आहे. तिथे शेजारी म्हणजे आधीचे संचालक मंडळ, एवढाच फरक.

याच रीतीचे सुधारलेले अवतार आजच्या रिपमध्ये असतात, आणि स्वस्त व महाग रिपमधला फरक बराचसा इथेच उघड होतो. चूक नीट पसरली, तर गाल गुळगुळीत दिसतो. वाईट पसरली, तर फिक्या रंगात ठिपक्यांच्या वळवळत्या रांगा उमटतात, आणि सत्कारमूर्तीच्या कपाळावर अळ्या चालल्यासारखे दिसते. सत्कारमूर्ती स्वतः फलक जवळून पाहतो. बाकीचे गाव दुरून पाहते. म्हणून तक्रार नेहमी एकच येते, पण ती बिल देणाऱ्याची असते.

रिप येण्याआधी हे सारे डोळ्यांनी होत असे, आणि त्या बाबतीत कोल्हापूरएवढे श्रीमंत गाव क्वचितच असेल. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे त्यांनी केलेले पोस्टर भारतीय चित्रपटाच्या जुन्यात जुन्या उपलब्ध पोस्टरांत गणले जाते. कोल्हापूरचेच जी. कांबळे चित्रपटांचे बॅनर रंगवत मोठे झाले, आणि त्यांनी काढलेल्या शिवछत्रपतींच्या चित्राला शासनमान्यता मिळाली. फोटोवर चौकोन आखायचे, बोर्डावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक भरत जायचे, ही पेंटरांची चित्र वाढवण्याची पद्धत. रास्टर म्हणजे याहून निराळे काही नाही. फक्त पेंटर चौकोन भरताना विचार करत असे. आज दुकानदाराला रिप निवडावे लागते; तेव्हा निवडीचा प्रश्नही सोपा होता. गावच्या पेंटरला काम संध्याकाळच्या आत सांगितले की नाही, एवढेच पाहावे लागे. फ्लेक्स आल्यावर त्यांतले बरेच जण ब्रश ठेवून माउस धरते झाले. दुकानाच्या पाटीवर 'आर्ट्स' हा शब्द तेवढा राहिला.

बाजारातल्या रिपची पहिली जात स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या, नावाजलेल्या सॉफ्टवेअरांची. यांचे कुलदैवत अमेरिकेच्या युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी. ऑनिक्स तिथले, फ्लेक्सी व फोटोप्रिंट बनवणारी एसएआय तिथली, वासॅचही तिथलेच. कोडोलीच्या चौकात दादा किती उजळ दिसावेत याचा निकाल ज्या गावात लागतो, त्या गावात कोणाच्या वाढदिवसाचा फलक लावण्याची प्रथा नाही. फ्रान्सचे काल्डेरा याच जातीतले. ते परंपरेने मॅक आणि लिनक्सवर चालत आले आहे. दुकानातला संगणक बहुधा तिसऱ्याच प्रकारचा असतो, म्हणजे पुतण्याने कॉलेज संपल्यावर सोडलेला. दुसरी जात यंत्राच्या कंपनीने स्वतः दिलेल्या रिपची. रोलँडच्या यंत्राबरोबर व्हर्सावर्क्स येते, मिमाकीबरोबर रास्टरलिंक. ही सॉफ्टवेअरे गुणी असतात, पण सासर सोडून कुठे जात नाहीत. दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेतले की त्यांचा उपयोग संपला. तिसरी जात चिनी फ्लेक्स यंत्राच्या खोक्यातून येणारी: मेनटॉप, किंवा फोटोप्रिंटची साधी आवृत्ती. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर ती संगणकात टाकतो, ऑपरेटरला तीन बटणे दाखवतो आणि शेवटची एसटी गाठतो. तालुक्यातल्या छपाईचा मोठा भाग या तीन बटणांवर चालतो. किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते, आणि विक्रेत्याच्या मते प्रत्येक रिप 'याच्या बापाचा बाप' असते.

चौथी जात माहितीपत्रकात आढळत नाही. ती पेन ड्राइव्हमधून येते, तिच्याबरोबर 'आधी अँटीव्हायरस बंद कर' अशी तोंडी सूचना असते, आणि तिची किंमत चहा. कुलूप तोडलेल्या या सॉफ्टवेअरची नैतिक बाजू उघड आहे. व्यावहारिक बाजू अशी की ते ज्या जुन्या विंडोजवर बसले, त्या विंडोजसह ते दुकानाचे कायमचे भाडेकरू होते. संगणक बदलता येत नाही, त्याला इंटरनेट लावता येत नाही आणि एखाद्या रात्री अँटीव्हायरस जागा झाला, की तो नेमकी तीच फाइल चोर म्हणून पकडतो. पकडतो तेही बरोबरच. विकत घेतलेल्या रिपला किल्ली म्हणून डाँगल मिळते, बोटाच्या पेराएवढे. ते हरवले की बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच पुन्हा विकत घ्यावे लागते. त्यामुळे लाखाच्या या वस्तूला संगणकाच्या मागे दोरा बांधलेला, सेलोटेप लावलेली आणि दसऱ्याला कुंकू वाहिलेले आढळते. आता वर्गणीची पद्धत आली आहे: दरमहा पैसे भरा आणि परवाना इंटरनेटवरून तपासून घ्या. पावसाळ्यातल्या पन्हाळ्यात वीज आणि नेट या दोघांवर मिळून ही जबाबदारी टाकण्याआधी विचार करावा.

निवडीची खरी कसोटी रंग. प्रयोगशाळेत रंगांची चाचणी शेकडो चौकटींच्या तक्त्यावर घेतात. पन्हाळा तालुक्यात तीन रंग पुरतात. पहिला भगवा. मॅजेंटा साठ-सत्तर टक्के आणि यलो शंभर, एवढ्यात चांगला भगवा होतो. पण फाइल जेव्हा प्रोफाइलमधून जाते, तेव्हा रिप प्रत्येक रंगाचे नव्याने गणित मांडते आणि 'अचूकतेसाठी' त्यात चिमूटभर सायन व कणभर काळा घालते. गणित बरोबर असते. फलक विटकरी येतो. 'भावा, ही वीट छापलीस व्हय?' या प्रश्नाला डेल्टा-ई, म्हणजे रंगातल्या फरकाचे माप, किती आला हे उत्तर देता येत नाही. म्हणून शुद्ध रंग शुद्धच ठेवण्याची सोय, म्हणजे दोन शायांच्या रंगात तिसरी शाई घुसू न देण्याचा पर्याय, रिपमध्ये आहे की नाही ते आधी पाहावे. त्याहून बरे म्हणजे एका रंगाला नाव देऊन त्याचे प्रमाण कायमचे ठरवून ठेवण्याची सोय. चांगल्या रिपमध्ये ती असते. मग कोणाचीही फाइल आली, तरी 'भगवा' म्हटले की ठरलेलाच भगवा पडतो.

दुसरा निळा. १४ एप्रिलच्या फलकांचा निळा स्क्रीनवर गडद, तेजस्वी दिसतो आणि कापडावर जांभळा उतरतो. कारण सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरभरून पडले, की मॅजेंटा वरचढ होतो. मॅजेंटा बराच खाली आणला की निळा ताळ्यावर येतो. हे ऑपरेटरला अनुभवाने कळते, रिपला सांगावे लागते. तिसरा रंग जोतिबाचा गुलाल. ओला नव्हे, उधळलेला, उन्हात चमकणारा. हा रंग चार शायांच्या आवाक्याबाहेरचा आहे. कितीही लाखांचे रिप घेतले तरी मॅजेंटाच्या पलीकडे जाता येत नाही. 'आमच्या सॉफ्टवेअरमध्ये गुलाल हुबेहूब येतो' असे सांगणाऱ्या विक्रेत्याने डोंगरावरची यात्रा पाहिलेली नसते, एवढे निश्चित समजावे.

आवाक्याबाहेरचे रंग आवाक्यात कसे बसवायचे, याच्या चार अधिकृत पद्धती आहेत, आणि प्रत्येक रिपमध्ये त्या निवडता येतात. फोटोसाठी बहुधा त्यांतली पहिली, 'पर्सेप्च्युअल', वापरतात. ती सगळे रंग थोडे थोडे आत ओढते. तालुक्यात पाचवी पद्धत रूढ आहे: 'भाऊ गोरे दिसले पाहिजेत'. ती कोणत्याही रिपमध्ये नाही, पण प्रत्येक ऑपरेटरच्या बोटांत आहे, आणि तिच्यामुळे पहिल्या चारांचा हिशेब दर वेळी चुकतो.

प्रोफाइल हा शब्द वर आला. कोणत्या मालावर कोणती शाई किती टाकायची, याचा तो हिशेब. साधा फ्लेक्स, आतून दिवा लागणारा बॅकलिट, गाडीच्या काचेवरचा वन-वे व्हिजन, सनबोर्डवर चिकटवायचे व्हिनाइल: प्रत्येक माल शाई वेगळी पितो. बॅकलिटला जास्त शाई लागते, नाहीतर रात्री दिवा लागल्यावर हॉटेलची पाटी आजारी दिसते. तेवढीच शाई व्हिनाइलवर टाकली, तर ती ओघळते. म्हणून त्याच चित्रासाठी प्रत्येक मालाचे प्रोफाइल निराळे. एकच आशय निरनिराळ्या बंधनांत बसवण्याची पन्हाळ्याला जुनी सवय आहे. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे लिहिली म्हणतात, आणि त्यांतल्या अनेकांना काही ना काही अट घातली. निरोष्ठ रामायणात ओठ लागणारा एकही वर्ण नाही, म्हणजे 'राम' हा शब्दही नाही. रंगाच्या बाबतीतला हा उद्योग १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आयसीसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाणित केला. दुकानात मात्र एकच प्रोफाइल असते, त्याचे नाव 'न्यू १ फायनल' असते आणि ते कोणी कशासाठी केले, हे इतिहासाला ठाऊक नाही. रिप घेताना विक्रेत्याकडून आपल्या यंत्रावर, आपल्या शाईने, आपल्या दोन-तीन मालांसाठी प्रोफाइल करून घ्यावीत. हे काम अर्ध्या दिवसाचे असते, आणि विक्रीच्या आधी सांगितले तरच फुकट होते.

यानंतर मराठी. रिप बनवणाऱ्यांना मराठी येत नाही, यात त्यांचा दोष नाही. दोष इतकाच की त्यांना ती येत नाही हे त्यांना ठाऊक नाही. डिझाइन कोरल ड्रॉमध्ये होते, श्रीलिपी किंवा आकृतीचे जुने फाँट वापरून. या फाँटांत 'क' च्या जागी प्रत्यक्षात कुठलेसे रोमन अक्षर बसलेले असते आणि फाँट फक्त त्याला 'क' चे सोंग देतो. सोंग उतरले, की 'हार्दिक शुभेच्छा' च्या जागी कोणा परग्रहावरच्या माणसाला दिलेल्या शुभेच्छा छापल्या जातात. युनिकोडमध्ये हा त्रास नाही. तिथे त्रास असा की जुन्या रिपला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. दोन्हींवर धंद्याने एकच उतारा शोधला आहे: अक्षरे कर्व्ह करणे. कंट्रोल आणि क्यू दाबले, की अक्षर अक्षर राहत नाही, आकृती होते. मग रिपला ते वाचायचे नसते, फक्त भरायचे असते, आणि निरक्षरही ते बिनचूक भरतो. तोटा एकच. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. 'उपसरपंच' मधला 'उप' राहिला हे फलक वर चढल्यावर लक्षात आले, तर त्यावर जगातल्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. सरपंचांकडे असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोचा प्रश्नही इथेच उरकावा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. त्याची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलची राहते. तो दहा फुटांवर ताणला, तर इंचाला तेरा पिक्सेल येतात. रिप मधल्या जागा अंदाजाने भरते. महाग रिप तो अंदाज जरा सभ्यपणे करते, एवढेच. 'फोटो फुटतोय' म्हटल्यावर 'मग मोठं सॉफ्टवेअर घे की' असा सल्ला गिऱ्हाईक देते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर लाखाचा खर्च वाचला असता, पण फोटो भाऊंच्या मेहुण्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि मेहुणे पुण्याला आहेत.

दहा फुटी यंत्रावर वीस फुटी फलक छापायचा तर तो दोन तुकड्यांत छापून जोडावा लागतो. तुकडा कुठे पाडायचा हे साधे रिप स्वतःच ठरवते आणि बरोबर मध्यावर पाडते. मध्यावर नाक असते. सांधा हाताने सरकवता येतो का, आणि जोडण्यासाठी दोन्हीकडे किती जादा पट्टी सोडायची हे सांगता येते का, या दोन गोष्टी विक्रेत्यासमोरच करून पाहाव्यात. छोटी कामे रोलवर शेजारी-शेजारी लावण्याची सोय बहुतेक सगळ्यांत असते. ती माल वाचवते. फक्त एकाच रोलवर शेजारी छापलेले दोन विरोधी गटांचे फलक कापून देताना कोणाचा कोणाकडे गेला, हे रिप पाहत नाही.

गडावरच्या आणि आसपासच्या दुकानदाराला हवामानाचा विचार करावा लागतो, जो पुण्या-मुंबईच्या प्रात्यक्षिकात कोणी करत नाही. जून ते सप्टेंबर धुके आणि पाऊस यांतून हवा सुटत नाही. शाई वाळायला वेळ लागतो, आणि गुंडाळलेल्या रोलमध्ये एका उमेदवाराचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटतो. यंत्राचा हीटर वाढवणे हा एक उपाय. दुसरा रिपमध्ये असतो, शाईची एकूण मर्यादा कमी करणे. ही मर्यादा सहज बदलता येते का, आणि बदललेले पावसाळी प्रोफाइल वेगळे जपून ठेवता येते का, ते पाहावे. वीज गेली तर रिप झालेली फाइल राहते की काम पहिल्यापासून सुरू करावे लागते, हेही विचारावे. संगणकाला यूपीएस असतो, यंत्राला बहुधा नसतो. त्यामुळे वीज गेल्यावर सॉफ्टवेअर शांतपणे छापत राहते आणि यंत्र अंधारात उभे असते.

कायद्याचा भाग थोडका आहे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक व पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. माल घेतानाच जाडी पाहिलेली बरी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ अ नुसार निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते लागतात. बऱ्याच रिपमध्ये प्रत्येक कामाच्या कडेला ठरावीक मजकुराची पट्टी आपोआप घालण्याची सोय असते. ती चालू ठेवावी. डिझायनरवर विसंबले, तर निवडणुकीच्या गर्दीत मुद्रकाचे नाव राहते आणि 'सौजन्य' मात्र तीनदा येते. गडाच्या तटाला, दरवाजांना फलक बांधायचे नसतात. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. गडाच्या 'तीन दरवाजा'वर भाऊंनी शुभेच्छा दिल्या नाहीत तरी तो वारसा टिकेल.

आणि शेवटी ज्यावर निवड प्रत्यक्षात ठरते ते: बंद पडल्यावर कोण येणार. इथे सॉल्ट लेक सिटीला एक अनपेक्षित फायदा आहे. हिवाळ्यात ती भारतापेक्षा साडेबारा तास मागे असते. १८ फेब्रुवारीच्या रात्री दहाला, म्हणजे शिवजयंतीच्या आदल्या रात्री, दुकानात तेरा फलक अडकलेले असताना तिथे सकाळचे साडेनऊ झालेले असतात आणि ऑफिस नुकतेच उघडलेले असते. अडचण इतकीच की जिरेटोप हिरवट येतोय, हे त्यांना इंग्रजीत समजावून सांगावे लागते. कोल्हापूरचा विक्रेता त्या वेळी जेवत असतो. पण त्याला एका वाक्यात कळते, आणि फोन उचललाच तर तो जेवता-जेवता एनीडेस्कवर शिरून काम करून देतो. त्यामुळे घेण्याआधी विक्रेत्याला एकदा रात्री साडेदहाला, काहीही काम नसताना, फोन करून पाहावा. माहितीपत्रकातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा या फोनचे उत्तर जास्त विश्वासार्ह असते.

बहुतेक कंपन्या रिप काही दिवस वापरून पाहायला देतात. त्या दिवसांत विक्रेत्याचे सुंदर पोपट आणि फळांच्या टोपल्या छापू नयेत. पोपट सगळ्याच रिपमध्ये चांगले येतात. स्वतःची एक तीन बाय दोनची फाइल करावी. त्यात भगव्याचा पट्टा, १४ एप्रिलचा निळा, गुलालाला जवळचा गुलाबी, एक सावळा आणि एक गोरा चेहरा, फिके आकाश, आणि कर्व्ह न केलेली 'ज्ञानेश्वर', 'राज्याभिषेक', 'उत्कृष्ट', 'हार्दिक', 'वऱ्हाड' ही अक्षरे असावीत. ती प्रत्येक रिपमधून त्याच यंत्रावर, त्याच मालावर छापून शेजारी-शेजारी दिवसाच्या उजेडात टांगावी, आणि कोणते कोणाचे हे न सांगता भाऊंना विचारावे. उन्हाने पुढे रंग उडाला तर तो दोष शाईचा. त्यासाठी सॉफ्टवेअर बदलू नये. एक रोलँड किंवा मिमाकी यंत्र असेल तर सोबत आलेले रिप पुरते. एकच चिनी यंत्र असेल तर सोबतचे रिपच पैसे देऊन परवान्यासह घ्यावे आणि उरलेले पैसे प्रोफाइलवर खर्च करावेत. पुष्कळ दुकानांना यापुढे जाण्याची गरज नसते. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन-तीन यंत्रे असतील, तरच सॉल्ट लेक सिटीकडे पाहावे.

घेतल्यावर सगळी प्रोफाइल एका पेन ड्राइव्हवर काढून ती दुकानाबाहेर, घरी ठेवावीत. आणि नवी आवृत्ती आल्याची सूचना स्क्रीनवर आली, तर जयंती, यात्रा, गणपती किंवा मतदान तोंडावर असताना 'होय' दाबू नये. अपडेटला पितृपक्षाचा पंधरवडा उत्तम. त्या दिवसांत उद्घाटने नसतात. वाढदिवस असतात, तेवढे आदल्या आठवड्यातच छापून ठेवावेत.